रेशीमकिड्याची गोळी, टोळाचा धडा

तांचोई रेशमाने एकेकाळी सुरतेचे नाव दूरवर नेले. आज त्या शहराचे माग प्रामुख्याने कृत्रिम धाग्यावर चालतात. रेशीमकिडा मात्र वेगळ्याच वाटेने घरोघरी पोहोचला आहे. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमागांवर पोट भरतात. दाढ काढली, पाय मुरगळला वा बोट चेचले की तेथील रुग्णाच्या हाती वेदनाशामकाच्या जोडीने अनेकदा सेराशिओपेप्टिडेज पडते. गोव्यातील औषध दुकानांतही हे नाव अनोळखी नाही.

सेराशिओपेप्टिडेज हे प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांना ते रेशीमकिड्याच्या आतड्यातील एका जिवाणूपासून मिळाले. याच विकराने पतंग कोश विरघळवून बाहेर पडतो, अशी मनोहर कथा विक्रीसाठी सर्रास सांगितली जाते. ती खरी नाही. पतंग त्यासाठी स्वतःच्या शरीरात तयार झालेले कोकूनेज हे निराळे विकर वापरतो. कथा रुजली, औषध खपले. पुढे जपानमध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत या औषधाचा ठळक लाभ सिद्ध करता आला नाही. टाकेडा कंपनीने २०११ मध्ये आपले हे उत्पादन स्वतःहून मागे घेतले. दिल्लीतील डॉक्टरांनी २०१३ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हाही पुरावा अपुराच ठरला. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याला स्थान नाही. तरीही त्याची विक्री चालू आहे आणि त्याचे पैसे रोजंदारीवरचा माणूस मोजतो आहे.

कीटकांकडून दाहावर औषध मिळण्याची आशा त्यामुळे फोल ठरत नाही. मात्र संशोधनाची दिशा आता उलट आहे. सांधे, फुप्फुसे यांच्या दाहात पांढऱ्या पेशींतून सुटणारी आपलीच विकरे ऊतींचा नाश करतात. तेथे नवे विकर घालण्यापेक्षा असलेल्याला आवर घालणे अधिक तर्काला धरून आहे. कीटकांजवळ प्रतिपिंडे नसतात. जखम होताच त्यांच्या शरीरात विकरांची साखळी पेटते आणि ती वेळीच थांबवण्यासाठी निसर्गाने त्यांना अवरोधक प्रथिने दिली आहेत. २०१९ च्या अखेरीस बनासकांठ्यातील आणि २०२० च्या मे महिन्यात विदर्भातील शेतकऱ्यांची झोप उडवणाऱ्या वाळवंटी टोळाच्या शरीरातही अशी प्रथिने आहेत. बुडापेस्टमधील शास्त्रज्ञांनी त्यांपैकी एकात फेरफार करून मानवी प्रतिकारव्यवस्थेतील दाह भडकवणाऱ्या दोन विकरांना नेमके रोखणारी रूपे घडवली. ती अजून औषधाच्या दुकानापासून फार दूर, प्रयोगशाळेच्या पायरीवरच आहेत.

विकर रोखण्याचे तत्त्व मात्र माणसांत सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राँकिएक्टेसिस या फुप्फुसविकारावर ब्रेन्सोकॅटिबला मान्यता दिली. ते कीटकजन्य नाही, रासायनिक रीतीने तयार केलेले आहे. पण पांढऱ्या पेशींतील संहारक विकरे सक्रिय होण्याआधीच ते त्यांना अडवते. १,७२१ रुग्णांच्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले.

आपल्याकडे या विषयाचे ज्ञान नाही असे नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घाटेअळीच्या पचनविकरांना रोखणाऱ्या वनस्पतिजन्य प्रथिनांवर दीर्घकाळ काम केले आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ आणि २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर बंदी घालून कठोर होता येते हेही दाखवले. मग सेराशिओपेप्टिडेजला पुराव्याची कसोटी का लावली जाऊ नये? दाढ काढल्यानंतरची सूज साधारण आठवडाभरात ओसरते. त्यामुळे अशा चाचणीत एकेका रुग्णामागे वर्षे घालवावी लागत नाहीत. सुरत, मुंबई वा बांबोळीच्या शासकीय रुग्णालयांत रोज येणाऱ्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने, ती करता येईल.