खेळाडू मूल, त्याचें साहित्य आणि परदेशची नगरी

पाटण तालुक्यांतून मुंबईस जाणाऱ्या माणसाच्या वळकटींत काय बांधून द्यावें, हें येथील कोणतीही आजी न विचारतां सांगेल. पिढ्यान् पिढ्या माणसें पोटासाठीं मुंबईस जात आलीं. त्यामुळें कोणाकडे उतरावें, पैसे कोठें जपावे, पहिले दोन दिवस कसे काढावे, हें ज्ञान घरोघरीं मुरलें आहे. परंतु त्याच घरांतील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची निवड होऊन तिला आपलें धनुष्य घेऊन युरोपांतील एखाद्या नगरीस जावयाचें ठरलें, तर आजीच काय, शिकलेले वडीलही गांगरून जातात. आणि शाळेच्या कचेरींत तरी त्यांस उत्तर मिळेलच असें नाहीं. ह्या अज्ञानापायीं मुलांची संधि हुकूं नये, आणि हें ज्ञान जमवून देण्याचें काम शाळेनें आपलें मानावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें येथें सकारण मांडण्याचा विचार आहे.

असा प्रसंग आपल्याकडे कशाला येतो, असें कोणी म्हणूं नये. आपल्याच सातारा जिल्ह्यांतील कु. अदिती स्वामी हिनें २०२३ सालच्या जुलै महिन्यांत आयर्लंडमधील लिमरिक येथें अठरा वर्षांखालील मुलींचें, आणि पुढच्याच महिन्यांत जर्मनींतील बर्लिन येथें मोठ्या स्त्रियांचें, कंपाउंड धनुर्विद्येंतील जगज्जेतेपद मिळविलें. त्या वेळीं तिचें वय अवघें १७ वर्षांचें होतें. बर्लिनच्या अंतिम सामन्यांत ५० मीटर अंतरावरून १५ बाण सोडावयाचे होते; तिनें १५० पैकीं १४९ गुण मिळविले, म्हणजे चौदा बाण दहाच्या वर्तुळांत आणि एकच काय तो नवाच्या वर्तुळांत पडला. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचे प्रवीण जाधव हे धनुर्धर २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकास जाऊन आले. सांगली जिल्ह्यांतील सचिन खिलारी यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिंपिक सामन्यांत गोळाफेकींत रौप्यपदक मिळविलें. तेव्हां ही वाट आपल्या दारावरूनच गेली आहे. प्रश्न इतकाच कीं, तिच्यावर चालावयास निघालेल्या लेकराची तयारी आपण कशी करतों.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. ही रुक्ष वाटते. पण निवड झालेल्या मुलाचा प्रवास हिच्यामुळें मैदानापूर्वींच अडूं शकतो. निवडीची वार्ता पुष्कळदां प्रवासाच्या थोडेच आठवडे आधीं येते. त्या वेळीं पारपत्र, म्हणजे ज्यास आपण पासपोर्ट म्हणतों तें, काढावयास बसावें, तर जन्मदाखल्यावर एक नांव, शाळेच्या रजिस्टरांत दुसरें आणि आधार कार्डावर तिसरें! कोठें वडिलांचें नांव गळलेलें, कोठें जन्मतारीख निराळी. ही चूक मुलाची नव्हे. ती लिहिणाऱ्या वडील माणसांची. पण तिचा दंड भरावा लागतो मुलास. अल्पवयीन मुलाचें पारपत्र पांच वर्षें किंवा वयाचीं १८ वर्षें पूर्ण होईपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत चालतें. पंधरा वर्षांनंतर दहा वर्षांचेंही मागतां येतें. अल्पवयीनाच्या पांच वर्षांच्या पारपत्राचें साधारण शुल्क १००० रुपये. जें मूल तालुक्याच्या वर जिल्ह्यांत चमकूं लागलें, त्याचें पारपत्र निवडीची वाट न पाहतां तेव्हांच काढून ठेवावें.

पुढें प्रवेशपत्राचा, म्हणजे व्हिसाचा, प्रश्न. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जर्मनी आणि आयर्लंड हे दोन्ही देश युरोपीय संघांत असले, तरी जर्मनी शेंगेन करारांत आहे आणि आयर्लंड नाहीं. म्हणून एका देशाचा व्हिसा दुसऱ्यास चालत नाहीं. ज्या मुलीस एका महिन्याच्या अंतरानें लिमरिक आणि बर्लिन गांठावयाचें, तिच्यासाठीं दोन निराळे अर्ज, दोन निराळ्या फाइली. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधीं करतां येत नाहीं आणि पंधरा दिवसांहून उशिरां चालत नाहीं. निर्णयास सामान्यतः १५ दिवस, क्वचित् ४५ दिवसही लागतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावें लागतें, आणि मूल एकटें किंवा एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर इतर पालकांचें लेखी संमतिपत्र लागतें. ह्यांत अवघड असें कांहींच नाहीं. परंतु यांतील एकही गोष्ट आदल्या रात्रीं होण्याजोगी नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. तो केवळ पैशांपुरता नाहीं, दिवसांनाही लागू आहे.

दुसरी गोष्ट साहित्याची. खेळाखेळांत येथें मोठें अंतर आहे. मल्लाचें बहुतेक साहित्य त्याच्या अंगांतच असतें. गोळा फेकणाऱ्यास गोळा सामान्यतः तेथेंच मिळतो. नेमबाजाच्या रायफलीस मात्र शस्त्रपरवाना आणि उभय देशांची अनुमति लागते. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकांत ज्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, त्या नेमबाजींत हें ओझें वजनापेक्षां कायद्याचें अधिक आहे. धनुर्धराचें ओझें या दोहोंच्या मधलें. कंपाउंड धनुष्य सुमारें एक मीटर लांबीचें, दोहों टोकांस चाकें असलेलें, आणि प्रत्यंचा चढविलेलीच राहणारें असतें. त्याची दोरी तुटली तर ती हातानें बदलतां येत नाहीं, त्यासाठीं दाबयंत्र लागतें. तेव्हां निघण्यापूर्वीं सर्व मापें घेऊन वहींत लिहावीं, जेथें स्क्रू बसतो तेथें खूण करावी, जोडीस एक वापरून पाहिलेली दोरी ठेवावी आणि बाण दोन पेट्यांत विभागून घालावे. म्हणजे एक पेटी विमानतळावर मागें राहिली तरी हात अगदींच रिकामे राहत नाहींत.

धनुष्यबाणच काय, क्रिकेटची बॅट किंवा हॉकीची काठीसुद्धां विमानांत जवळ बाळगूं देत नाहींत. तीं सामानाच्या कोठींतच द्यावीं लागतात. याच्या उलट मोबाइलच्या सुट्या बॅटऱ्या कोठींत चालत नाहींत, त्या हातांतील पिशवींतच हव्यात. अनेक कंपन्यांची साध्या तिकिटावरील मर्यादा २३ किलो असते, आणि एक नग ३२ किलोंहून जड असल्यास तो बहुधा स्वीकारीत नाहींत. म्हणून पेटी घरींच धान्याच्या काट्यावर तोलावी आणि ती लांबीलाही मापावी. आजीच्या डब्याचीही गोष्ट येथेंच सांगून टाकतों: दूध, तूप व मांस यांचे पदार्थ युरोपीय संघांत बाहेरून आणण्यास बंदी आहे. तेव्हां मायेनें दिलेला तुपाचा डबा सीमेवर अडेल, त्यापेक्षां तो मूल परत येईल तेव्हांसाठीं राखावा.

साहित्याविषयीं आणखी एक मोह टाळला पाहिजे. परदेशीं जावयाचें म्हणून नवे बूट, नवें धनुष्य, नवी रॅकेट घेऊन देण्याची पालकांस हौस असते. दाविदाची कथा येथें आठवावी. शौल राजानें त्यास आपलें चिलखत घातलें. पण त्याची संवय नाहीं म्हणून त्यानें तें उतरविलें, आणि आपली रोजची गोफण व ओढ्यांतील पांच गुळगुळीत गोटे घेऊन तो रणांत गेला. जें हातांत रुळलें तेंच परक्या मैदानांत साथ देतें. नवें घ्यावयाचें तर सहा महिने आधीं घ्यावें.

आणि ही पेटी भरावी कोणी? आमचें मत असें कीं, ती मुलानेंच भरावी, मुलानेंच उचलावी आणि तींतील वस्तूंची यादी त्याला पाठ असावी. वडिलांनीं भरलेल्या पेटींतील वस्तु आयत्या वेळीं मुलाला सांपडत नाहीं. जें मूल सर्व प्रवासभर दुसऱ्याच्या हातांतील ओझ्याप्रमाणें वाहून नेलें जातें, तें मैदानावर एकाएकीं स्वतंत्र कसें होईल? शेवटचा बाण सोडतांना तर त्याच्याजवळ कोणीच नसतें.

तिसरी गोष्ट सोबतीची; आणि येथें आपल्याच भागाचा एक कडू धडा आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव हे १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकास गेले. तांबड्या मातींत वाढलेल्या त्या मल्लास तेथें गादीवर कुस्ती करावी लागली, तरी त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. साहित्य बरोबर नेतां येतें, पायांखालची भूमि नेतां येत नाहीं. म्हणून परक्या भूमीचा सराव घरींच करावा लागतो, हा त्यांतील पहिला बोध. पुढें १९५२ सालीं ते हेलसिंकीस गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पण तेथें जपानी मल्लाबरोबरची दीर्घ कुस्ती संपतांच त्यांस सोव्हिएत मल्लासमोर उभें करण्यात आलें; नियमाप्रमाणें मधें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावयास हवी होती, परंतु तसें बजावून सांगण्यास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असें सांगतात. बळ उणें नव्हतें, विद्या उणी नव्हती. उणा होता तो नियम जाणणारा एक सोबती. पूर्ण वाढलेल्या पुरुषाची जर ही गत, तर कोवळ्या मुलाबरोबर कोणास धाडावें याचा विचार किती काळजीनें केला पाहिजे! सोबत्याची निवड मानपानावरून होऊं नये. ज्यास त्या खेळाचे नियम ठाऊक, जो इंग्रजींत नम्रपणें पण ठामपणें आक्षेप नोंदवूं शकतो, आणि मूल तापानें फणफणलें तर रात्रभर उशाशीं बसूं शकतो, तोच सोबती. मुलगी असेल तर बरोबर जबाबदार स्त्री असणें हें सांगावयास नको.

चौथी गोष्ट पैशाची. १९५२ च्या त्या प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७००० रुपये दिले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्या गुरूच्या औदार्यापुढें आमचें मस्तक नम्र होतें. पण पुन्हा एकदां कोणा गुरूस घर गहाण टाकावें लागणें हें समाजास भूषण नव्हे. दरवर्षीं थोडें थोडें बाजूस टाकून उभारलेला आणि ज्याचा हिशेब फलकावर लागतो असा निधि शाळेजवळ असेल, तर कोणापुढें ऐन वेळीं पदर पसरावा लागणार नाहीं.

आतां एक वादाचा प्रश्न. खेळावयास गेलेल्या मुलास ती नगरी दाखवावी कीं नाहीं? कांहीं शिक्षक म्हणतात, लक्ष विचलित होतें. मैदान आणि खोली, बस्स. दुसरे म्हणतात, एवढा खर्च केला तर सर्व कांहीं पाहून यावें. आम्हांस दोन्ही मतें एकांगी वाटतात. सामन्यापूर्वीं नगरदर्शन नकोच. उन्हाळ्यांत बर्लिनचें घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें, तेव्हां पहिले दोन-तीन दिवस झोप, पाणी आणि सराव यांतच गेले पाहिजेत. परंतु सामने संपल्यावर एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, आणि त्या दिवशीं दहा स्थळें न धांवतां एक-दोनच नीट पाहावीं. ज्या बर्लिन नगरीच्या मैदानावर १९३६ सालीं जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूनें चार सुवर्णपदकें मिळवून वंशश्रेष्ठतेच्या गर्वास उत्तर दिलें, त्याच ऑलिंपिकच्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तुकडीनें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं होतीं. त्याच नगरीच्या मधून १९६१ पासून १९८९ पर्यंत एक भिंत उभी होती. तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. तो पराक्रम आणि ती भिंत पाहून आलेलें मूल पदकाविना परतलें, तरी रिकाम्या हातीं परतलें असें कोण म्हणेल?

यावर आक्षेप येईल कीं, शंभरांतील नव्याण्णव मुलें कधींच परदेशीं जाणार नाहींत. मग एकासाठीं हा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, नांवांची दुरुस्ती, सामानाची यादी, नियमांचें वाचन, हिशेबाची शिस्त आणि आपलें ओझें आपण उचलण्याची संवय यांपैकीं एकही गोष्ट साताऱ्याच्या जिल्हा सामन्यास जाणाऱ्या मुलास निरुपयोगी नाहीं. एकाच्या निमित्तानें ती शंभरांस मिळेल. शिवाय तें एक मूल कोणतें, हें आज आपणांपैकीं कोणास ठाऊक आहे?

म्हणून आमची सूचना थोडक्यांत अशी. प्रत्येक शाळेनें आठव्या इयत्तेच्या आरंभींच मुलामुलींचीं नांवें व जन्मतारखा सर्व कागदांवर जुळतात कीं नाहीं हें पाहून चूक असल्यास दुरुस्त करून द्यावी. होतकरू खेळाडूंचीं पारपत्रें वेळेवर काढावयास पालकांस साह्य करावें. आणि एक प्रवासवही ठेवावी. जो संघ जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जाऊन येईल, त्यानें काय नेलें, काय विसरलें, कोठें अडलें, किती खर्च झाला, हें तींत लिहावें. मुंबईच्या वाटेचें ज्ञान आमच्या आज्यांस कोणी एका दिवसांत शिकविलें नाहीं; जाऊन आलेल्यांनीं सांगितलें आणि मागें राहिलेल्यांनीं तें जपलें. परदेशच्या वाटेचें ज्ञानही तसेंच जमेल. विद्यार्थिमित्रांनों, त्या वहीचें पहिलें पान कोरें आहे. तें तुमच्यापैकीं कोणी लवकर लिहावें, अशी आमची इच्छा आणि प्रार्थना आहे.