आजीला शाळेत बोलवा, याच वर्षी

1972 च्या दुष्काळात वीस वर्षांची असलेली बाई आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. तेव्हा चाळिशीत असलेली, पाच-सहा तोंडांचा संसार ओढणारी घरकर्ती बहुतेक ठिकाणी आता फोटोत आहे. बीड, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचं नगर), सांगलीचा पूर्व भाग, यांतल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेच्या दारात उभं राहून हाक मारली तर ती त्या दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या एखाद्या माणसाच्या कानावर जाईल. आज जाईल. दहा वर्षांनी जाईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

म्हणून शिक्षकांनो, मुख्याध्यापकांनो आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनो, एक कळकळीचं मागणं आहे. ही माणसं हिंडती-फिरती आहेत तोवर त्यांना वर्गात आणा. सत्कारासाठी नको, आजी-आजोबा दिनाच्या गुलाबपुष्पासाठीही नको. शिकवायला आणा.

पुस्तकात दुष्काळ येतो तो व्याख्या, कारणं आणि उपाय अशा तीन मथळ्यांखाली. मुलं ते पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. त्याच मुलाच्या घरी ओसरीवर बसलेल्या बाईने तो दुष्काळ खाल्लेला असतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी कशी लागायची, तिची भाकरी थापताना काय व्हायचं, कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून घरी कशी यायची, हे तिला विचारा. दोन वाक्यांत वर्ग गप्प होतो. मग आयात, रेशन, पोषण हे शब्द फळ्यावर लिहिले की ते बसतात, कारण त्यांना टेकायला जागा मिळालेली असते.

गणिताचं घ्या. घनफळ शिकवताना मास्तरांच्या तोंडाला फेस येतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र पोरं घोकतात, पण एवढं म्हणजे केवढं, ते डोळ्यांपुढे येत नाही. आता दुष्काळी कामावर गेलेल्या आजोबांना मैदानात उभं करा. खडीचं माप ब्रासने. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच. फक्कीने मैदानावर चौकोन आखा, चार कोपऱ्यांना फूटभर उंचीच्या काठ्या रोवा, सुतळी ताणा. एवढी खडी हातोडीने फोडायला किती माणसं, किती दिवस, मजुरी काय, मुकादम माप घेताना कुठे काटछाट करायचा, सगळं आजोबा सांगतील. मुलांनी वहीत मांडायचं. मग फुटाचे मीटर करा, ब्रास साधारण 2.83 घनमीटर निघतो. आणि हे जुनं माप म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. घर बांधायला काढलेला माणूस आजही वाळू, मुरूम, खडी ब्रासच्याच भावाने घेतो. अपूर्णांकांसाठी आजीची मापं काढा. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, आणि शेराच्या खालीही निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारी लहान मापं. घरात एखादं पितळी किंवा लाकडी माप अडगळीत सापडतंच. पावकी, निमकी, दिडकी, औटकी घडाघडा म्हणणारा एखादा म्हातारा गावात उरला असेल, तर त्याला परिपाठालाच बोलवा.

नागरिकशास्त्राचा धडा तर आयता हातात आहे. दुष्काळ पडला तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच सांगली जिल्ह्यात, तासगाव भागात करून पाहिली होती. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात झाला, 1979 च्या 26 जानेवारीपासून तो लागू झाला, आणि 2005 ला देशाने तशाच धर्तीचा कायदा केला. हजेरीपटावर अंगठा उठवणारी बाई या साखळीच्या सुरुवातीला उभी होती. तिच्या नातवाला हे शाळेने सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं?

बालभारतीला दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तक सगळ्या राज्यासाठी निघतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढण्यापर्यंत ती मंडळी पोचली, हेच कौतुकाचं. तुमच्या वेशीजवळचा पाझर तलाव कुणी खोदला, हे कुठलंही पुस्तक सांगणार नाही.

वेळेत पोचलं की काय वाचतं, याचा दाखला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामात आहे. पिठाची गिरणी गावोगाव गेली आणि जात्यावरचं गाणं थांबलं. पण दळताना गाणाऱ्या बाया हयात होत्या. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन लाखावर ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. ते मोठं, वर्षानुवर्षांचं काम. शाळेला तेवढं करायचं नाही. एका गावापुरतं, एका वर्गापुरतं करायचं आहे, आणि त्यासाठी लागणारा रेकॉर्डर आता बहुतेकांच्या खिशात असतो.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरं राहतात आजी-आजोबांजवळ. शाळा निरोप धाडते, ‘घरी अभ्यास घ्या.’ घरी अक्षरओळख नसलेली म्हातारी. पोराला वाटतं, आपल्या घरात शिकवणारं कुणी नाही. पण गृहपाठच असा आला की उत्तर फक्त आजीला येतं, तर? ‘तुझी आजी कामावर किती कोस चालत जायची? तेव्हा विहिरीला पाणी किती हात खोल होतं?’ दुसऱ्या दिवशी तेच पोर वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करतं. पालक मेळाव्यात मागच्या भिंतीला टेकून बसणारी बाई पुढच्या वेळी खुर्चीवर बसते. ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत त्यांना हा उपक्रम आवडेल. ज्यांच्या घरात नाहीत त्यांना तो लागतो.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. ऑनलाइन माहिती भरण्यात निम्मा दिवस जाणाऱ्या गुरुजींवर आणखी एक उपक्रम लादू नये, या मताचा मीही आहे. म्हणून वेगळा तास मागतच नाही. घनफळ शिकवायचंच आहे, ते ब्रासवर शिकवा. मुलाखत-लेखन मराठीच्या तासाला असतंच, ती मुलाखत घरी घेऊ द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या आठवणी म्हटलं की आपल्याला गोडवा हवा असतो. दुष्काळात कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी मिळालं आणि कुणाला ओंजळ पुढे करून थांबावं लागलं, हेही त्याच आठवणींत आहे. ते निघालं तर दाबू नका, आणि कुणाला सांगायचं नसेल तर उकरू नका. ज्या मुलाच्या घरी म्हातारं माणूस नाही त्याला शेजारच्या आळीत पाठवा. आठवण चुकते, हेही मुलांना कळू द्या. त्यासाठी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बाहेर काढा. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना त्यात असतो. नावं झाकून 1972 आणि 1973 ची पानं मुलांपुढे ठेवा, त्या दोन वर्षांत किती नावं कमी झाली आणि का, ते त्यांना मोजू द्या, मग आजोबांच्या सांगण्याशी ताडून पाहू द्या. इतिहासकार दुसरं काय करतो?

विचारताना ‘दुष्काळ कसा होता’ असं विचारू नका, ‘लई वाईट’ एवढंच उत्तर येईल. सकाळी उठून पहिलं काय केलं, भाकरीबरोबर काय होतं, पायात काय होतं, असं विचारा. बोली सुधारू नका. माणूस बोलला तसं उतरवा. रेकॉर्डिंगला गाव, वय, तारीख लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांत कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही. त्यांची परवानगी घ्या. एक प्रत शाळेत, एक त्यांच्या घरी.

आणि पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेलेल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. रविवारचा व्हिडिओ कॉल ‘जेवलीस का’वर संपतो. पुढच्या रविवारी फोन पोरांच्या हातात द्या आणि मिलोच्या भाकरीबद्दल विचारायला सांगा. रेकॉर्डिंग गावच्या शाळेला पाठवा, गुरुजींना वर्गात लावता येईल.

गावातल्यांसाठी येत्या शनिवारची सकाळची शाळा चांगली. शुक्रवारी एका मुलाला घरी पाठवून विचारून घ्या. ऊन वाढायच्या आत, साडेआठच्या सुमाराला बोलवा, खुर्ची सावलीत ठेवा, आणि पहिल्या आजीला तासाभराच्या वर दमवू नका.