उंची हेडफोन आणि शिकलेला कान

पालकसभेच्या दिवशीं अलीकडे एक प्रश्न आम्हांस हटकून विचारण्यांत येतो : “सर, मुलगा भारी हेडफोन मागतो आहे. घेऊन द्यावा कीं नाहीं ?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या मागें दोन टोकांचीं मतें उभीं असतात. कित्येक वडील मंडळींच्या दृष्टीनें ही वस्तु म्हणजे निव्वळ चैन. ती कानांवर चढली कीं मुलगा घरांत असून नसल्यासारखा. उलट विद्यार्थिवर्गाची अशी दृढ समजूत झालेली दिसते कीं, जितकी किंमत अधिक तितकें संगीत अधिक. आमच्या अल्प मतीप्रमाणें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. उत्तम हेडफोन ही विद्येची वस्तु होऊं शकते. मात्र ती किंमत पाहून नव्हे, तर आपण काय ऐकतों तें पाहून निवडली पाहिजे, आणि तिच्या आधीं कान शिकलेला पाहिजे. एवढेंच सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम ह्या यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. अमेरिकेंतील युटा संस्थानांत राहणाऱ्या नॅथॅनिएल बाल्डविन नामक गृहस्थानें १९१० च्या सुमारास तयार केलेले हेडफोन तेथील आरमारानें बिनतारी संदेश ऐकण्यासाठीं घेतले. गाण्याशीं त्यांचा तेव्हां कांहीं संबंध नव्हता. पुढें १९५८ सालीं जॉन कॉस ह्यानें दोन कानांस दोन निराळे प्रवाह पोंचविणारा स्टिरिओ हेडफोन रसिकांपुढें ठेवला. १९६८ सालीं जर्मनींतील सेन्हायझर कंपनीनें ‘एचडी ४१४’ नांवाचा हेडफोन काढला. त्याची पाठ उघडी होती. ह्या शेवटच्या गोष्टींतच निवडीचें पहिलें मर्म आहे.

बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गलबला बराच अडवितो व आंतला आवाज आंतच ठेवितो. परंतु बंद डब्यांत नाद घुमतो, आणि खर्जाच्या बाजूस थोडा फुगवटा येण्याचा संभव असतो. उघड्या पाठीच्या हेडफोनांत पडद्यामागची हवा मोकळी असते. म्हणून आवाज मोकळा, पसरट, खोलींत ऐकल्यासारखा वाटतो. पण शेजारी बसलेल्यास तुमचें गाणें ऐकूं येतें आणि तुम्हांस त्याचें बोलणें ऐकूं येतें. तेव्हां वसतिगृहांत अथवा एस्. टी.च्या गाडींत उघड्या पाठीचा हेडफोन निरुपयोगी; आणि रात्रीच्या शांत खोलींत एकाग्रतेनें ऐकावयाचें असेल तर त्याच्यासारखा दुसरा सोबती नाहीं. दोहोंमध्यें श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच गैर आहे. कोणतें संगीत आणि कोणती जागा, हें आधीं ठरलें पाहिजे.

आतां संगीताच्या प्रकारांकडे वळूं. आपल्या ख्यालगायकींत कंठ, तंबोरा आणि तबला ह्या तिघांचें नाजूक तोलाचें राज्य असतें. तबल्याविषयीं एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२० सालीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय पत्रांत असें दाखविलें कीं, सामान्य ढोलाच्या कातड्यांतून निघणारे वरचे ध्वनि एकमेकांशीं जुळत नाहींत. परंतु आपल्या तबल्या-मृदंगावरील शाईमुळें ते मूळ स्वराशीं सुरेल जुळतात. म्हणजे तबला नुसता ठोका देत नाहीं, तो सुरांत बोलतो. ज्या हेडफोनांत खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो, त्यांत डग्गा घुमून गायकाच्या कंठावर चढतो आणि हें सुरांतलें बोलणें नाहींसें होतें. ख्याल ऐकणाऱ्यानें उघड्या पाठीचा, मध्यसप्तकांत निर्मळ बोलणारा हेडफोन घ्यावा.

समूहगानाची गरज निराळी. हँडेल ह्या थोर संगीतकाराचा ‘मसाया’ १७४२ सालीं डब्लिन शहरीं प्रथम गाइला गेला. त्यांतील वृंदगान ऐकतांना चार आवाजांच्या रांगा अलग राहिल्या पाहिजेत. आमची कसोटी अशी : सोप्रानो सर्वांस ऐकूं येतो, आरंभापासून शेवटपर्यंत केवळ आल्टोच्या मागून जातां येतें काय, तें पाहावें. येत असेल तर हेडफोन चांगला समजावा. मोठ्या ऑर्गनचा सर्वांत खालचा स्वर सेकंदास सुमारें १६ कंपनें करतो. तो कानापेक्षां छातीलाच अधिक कळतो. प्रार्थनामंदिराच्या बांकावर बसून मिळणारा तो अनुभव कोणताही हेडफोन पुरतेपणीं देऊं शकत नाहीं, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

नृत्याचीं व चित्रपटांतील नव्या धाटणीचीं गाणीं ज्यांस प्रिय आहेत, त्यांनीं संकोच धरूं नये. त्या गाण्यांत खर्जाचा ठोका हाच कणा असतो, आणि त्यांस बंद पाठीचा, भरघोस खर्जाचा हेडफोन शोभतो. याउलट अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या १९३७ सालीं दिवंगत झालेल्या गवयांच्या तबकड्या ऐकावयाच्या असतील, तर अति बारकाईनें बोलणारा हेडफोन कधीं कधीं शत्रूच ठरतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणांत गाण्याबरोबर सुईची खरखरही साठलेली आहे, आणि महाग यंत्र दोहोंनाही सारख्याच इमानानें पुढें आणितें. तेथें साधा, मवाळ आवाजाचा हेडफोनच बरा.

प्रवासासाठीं हल्लीं बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन मिळतात. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका बंगाली देशभक्ताचे चिरंजीव डॉ. अमर बोस ह्यांस १९७८ सालीं विमानप्रवासांत ही कल्पना सुचली. बाहेरच्या घरघरीचा नाद टिपून त्याच्या नेमका उलट नाद आंत सोडावयाचा, म्हणजे दोहोंची वजाबाकी होते, अशी ती युक्ति. तिचा मोठा लाभ असा कीं, गोंगाटावर मात करण्यासाठीं आवाज वाढवावा लागत नाहीं.

येथें किंमतीचा प्रश्न येतो. येरून ब्रेबार्ट ह्या संशोधकानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत २८३ हेडफोनांचीं मापें घेऊन असें दाखविलें कीं, कोणता हेडफोन कोणत्या पट्टींत किती बोलतो ह्याचा त्याच्या विक्रीच्या किंमतीशीं संबंध आढळत नाहीं. याचा अर्थ महाग वस्तु वाईट असते असा नव्हे. बांधणी, टिकाऊपणा, गादीचा मऊपणा ह्यांसही दाम पडतात. अर्थ इतकाच कीं, किंमतीची चिठ्ठी वाचून स्वर कळत नाहीं. म्हणून दुकानांत जातांना आपल्या पूर्ण परिचयाचीं दोन गाणीं बरोबर न्यावीं. दुकानदाराचीं चमकदार गाणीं ऐकूं नयेत. दोन हेडफोन तोलतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित् मोठा आवाज कानास नेहमींच अधिक गोड वाटतो. चष्मा वापरणाऱ्यानें तो लावूनच अर्धा तास हेडफोन घालून पाहावा. आणि ३०० ओहमांसारख्या मोठ्या रोधाचे कांहीं उंची हेडफोन मोबाईलवर पुरतेपणीं बोलत नाहींत. त्यांस निराळा ॲम्प्लिफायर लागतो, हा खर्च आधींच हिशेबांत धरावा.

परंतु इतकी सारी चिकित्सा करूनही खरी गोष्ट राहूनच जाते. मागील वर्षीं नववींतला एक विद्यार्थी आपल्या मामांनीं परदेशांतून आणलेला उंची हेडफोन घेऊन संगीताच्या खोलींत आला. त्यांतून आम्हीं त्यास नुसता तंबोरा ऐकविला आणि विचारलें, “बाळ, कोणकोणते स्वर ऐकूं येतात ?” तो म्हणाला, “पंचम आणि षड्ज, सर.” “आणखी ?” “आणखी कांहीं नाहीं.” आम्हीं त्याचा हेडफोन त्याच्या पिशवींत ठेवविला आणि शाळेच्या जुन्या, मिरजेस घडलेल्या तंबोऱ्यापाशीं त्यास रोज पंधरा मिनिटें बसविलें. घोडीवर तारेखालीं जो सुताचा धागा सरकवितात, त्यानें जवारी कशी उघडते तें दाखविलें. तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं तो दचकून म्हणाला, “सर, गांधार ! पण गांधाराची तार तर नाहींच !” तो खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गांधार होता. मग आम्हीं त्यास पूर्वींचेंच मुद्रण त्याच्या बहिणीच्या स्वस्त इअरफोनमधून ऐकविलें. गांधार तेथेंही होता. शेवटीं मामांचा हेडफोन चढविला, तेव्हां तोच गांधार धुकें विरून टेकडी दिसावी तसा स्वच्छ पुढें आला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं.

बालक शमुवेलाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. रात्रीच्या शांततेंत हांक त्याच्या कानीं पडत होती; पण ती कोणाची, हें वृद्ध एलीनें समजाविल्यावांचून त्यास उमगलें नाहीं. कानांत दोष नव्हता. कानास अद्याप शिकवण नव्हती. उंची हेडफोन हांक अधिक स्पष्ट करील, पण एलीचें काम त्याच्यानें होणार नाहीं.

आतां एक इशारा. आपल्या अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी नाद टिपतात, त्या एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, आणि मुलांसाठीं ७५ डेसिबल आवाज तितकाच काळ, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलांनीं वाढला कीं हा काळ निम्मा होतो. दुर्दैवाची गोष्ट ही कीं, उत्तम हेडफोनांत कर्कशपणा नसल्यामुळें आवाज वाढल्याचें भान राहत नाहीं. घरगुती कसोटी सोपी आहे : शांत खोलींत उघड्या पाठीचा हेडफोन घालून बसलेल्या मुलास आईची साधी हांक ऐकूं आली पाहिजे. न आली तर आवाज कमी करावा.

कोणी म्हणेल, ज्या शाळेंत कित्येक आईबाप फी हप्त्यांनीं भरतात, त्या शाळेच्या वार्षिकांत अशा महाग वस्तूची चर्चा शोभते काय ? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, आणि म्हणूनच आमची सूचना अशी आहे. प्रत्येकाच्या दप्तरांत एकेक हेडफोन असण्यापेक्षां शाळेच्या संगीतकक्षांत एकच उत्तम, उघड्या पाठीचा हेडफोन ठेवावा, आणि त्याशेजारीं एक वही. आठवड्यांतून अर्धा तास प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्यास मिळावा. त्यानें एकच गाणें दोनदां ऐकावें आणि दुसऱ्या वेळीं नवें काय ऐकूं आलें तें वहींत लिहावें. सूक्ष्मदर्शक यंत्र आपण प्रत्येकाच्या घरीं मागत नाहीं. तें प्रयोगशाळेंत असतें, आणि शेतमजुराचा मुलगाही त्यांतून कांद्याची पेशी पाहतो. कानासाठीं अशी सोय कां असूं नये ? माजी विद्यार्थ्यांपैकीं कोणी ही सूचना मनावर घेतील, अशी आम्हांस आशा आहे.

आणि पुढील पालकसभेंत तोच प्रश्न आला, तर आम्ही उत्तराआधीं तीन गोष्टी विचारणार आहों. मुलगा काय ऐकतो, हें आपणांस ठाऊक आहे काय ? तें संगीत त्यानें एकदां तरी मैफलींत, मंदिरांत वा वाद्याशेजारीं बसून उघड्या कानांनीं ऐकलें आहे काय ? आणि नाताळच्या गायनवृंदांत तो इतरांबरोबर उभा राहून गातो काय ? तिहींचें उत्तर होकारार्थी असेल आणि पदरीं ऐपत असेल, तर हेडफोन खुशाल घेऊन द्यावा. आणि मुलगा शाळेंत गेला म्हणजे एकदां आपल्याही कानांवर चढवून त्याचें आवडतें गाणें शेवटपर्यंत ऐकावें. संध्याकाळीं जेवतांना दोघांस बोलावयास एक विषय अधिक मिळेल.