गिऱ्हाइकाचा शेरा

शेरा लिहिणे हा आम्हा मास्तरांचा धंदा. वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तकांची चळत पुढ्यात येते आणि चाळीस-पन्नास पोरांचे वर्ष एकेका ओळीत कोंबावे लागते. हे काम वीस वर्षे केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : शेऱ्यात मुलगा थोडा आणि मास्तर फार दिसतो. ‘अक्षर गचाळ’ असे लिहिणाऱ्याला त्या पोराच्या घरी दिवा आहे की नाही याचा पत्ता नसतो. तरी बरे, आमच्या शेऱ्याखाली सही असते आणि वर हेडमास्तर बसलेले असतात. ज्याच्या शेऱ्याला सही नाही, वरिष्ठ नाही आणि जबाबदारीही नाही असा शेरेबहाद्दर आज एकच उरला आहे, तो म्हणजे गिऱ्हाईक. त्याच्याशी मला भांडायचे आहे. भांडणासाठी निवडलेली जागा मात्र मास्तराला शोभणारी नाही. ती दारूची जागा आहे, आणि तीही लंडनातली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत थोरल्या बहिणीकडे लंडनला गेलो होतो. तिच्या वस्तीत हमरस्त्यावर ‘वेदरस्पून’ या साखळीतला एक पब आहे. तो पाहून यावा असे मी म्हटले, तर भावोजी म्हणाले, “तिकडे नका जाऊ. तिथे कसलेही लोक येतात.” कादंबरी लिहिणाऱ्याला याहून चांगले आमंत्रण कोण देणार? मी गेलो, एकदा नव्हे, चार वेळा गेलो.

या साखळीची जन्मकथा आमच्या धंद्याशी नाते सांगणारी आहे. १९७९ साली टिम मार्टिन या तरुणाने उत्तर लंडनच्या मस्वेल हिल भागात पहिला पब घेतला. पुढे त्याला त्याने आपल्या न्यूझीलंडमधल्या एका शिक्षकाचे नाव दिले. या वेदरस्पून मास्तरांना वर्ग काही आवरत नसे, असे मार्टिन सांगतात. आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून या साखळीचे आठशेच्या आसपास पब आहेत. जुनी चित्रपटगृहे, जुन्या बँका, जुनी टपाल कचेरी अशा पडून राहिलेल्या इमारती घ्यायच्या, त्यांत भाव कमी ठेवायचे, गाणीबजावणी सहसा ठेवायची नाही, सकाळपासून न्याहारी द्यायची, असा यांचा खाक्या. कॉफीचा पेला एकदा विकत घेतला की तो पुन्हा पुन्हा भरून घेता येतो. टनब्रिज वेल्स या गावी तर १९०२ सालचे ऑपेरागृहच यांनी पब करून टाकले आहे.

आता गिऱ्हाइकांचे शेरे पाहा. भावोजींच्या ओळखीच्या मंडळींकडून मी ते ऐकले, छापलेलेही वाचले. त्यांचे मासले ठरलेले आहेत. टेबल चिकट होते. जेवण गरम करून वाढलेले होते. संडास फार लांब, जिने चढून जावे लागते. गालिचा भडक आहे. (प्रत्येक पबसाठी निराळ्या नक्षीचा गालिचा विणून घेतात, आणि त्या गालिच्यांवर २०१६ साली एक अख्खे पुस्तक निघाले आहे!) इथवर माझी काही तक्रार नाही. चिकट टेबल ते चिकटच, आणि पैसे मोजणाऱ्याने तसे म्हणावे. पण शेरा इथे थांबत नाही. पुढची ओळ हमखास अशी असते की, सकाळी नऊ वाजताच म्हातारे प्याले घेऊन बसलेले असतात, पोरे आरडाओरडा करतात, आणि एकंदरीत ‘तो’ वर्ग येतो. म्हणजे तक्रार टेबलाची नसतेच. तक्रार शेजारच्या टेबलाची असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. स्वस्त जागेविषयी गिऱ्हाईक जे मत देते ते बहुतेक वेळा जागेविषयी नसते, तिथे बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाविषयी असते. महागड्या हॉटेलात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे दारावरचा भावफलकच नको त्यांना गाळून टाकतो. स्वस्त जागेत ते गाळण्याचे काम कुणीच करत नाही, म्हणून सभ्य माणूस ते लेखणीने करू पाहतो.

माझ्या चार खेपांत मला काय दिसले? एक म्हातारे गृहस्थ एका कॉफीवर तीन तास वर्तमानपत्र वाचत होते. दोन बायका पोरांना बटाट्याचे काप भरवीत होत्या. रात्रपाळी संपवून आलेला एक शीख टॅक्सीवाला न्याहारी करीत होता. आणि हो, सकाळी बिअर पिणारेही होते. त्यांच्याकडे पाहून मलाही वाईट वाटले. पण त्यांना तिथून हुसकल्याने त्यांची दारू सुटणार नाही. ती चार भिंतींआड, एकट्याने चालू राहील. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला आणि त्यातून ‘परमिट रूम’ निघाली : काळ्या काचा, मिणमिणते दिवे, आत शिरताना इकडेतिकडे पाहणारे गिऱ्हाईक. पिणे काही कमी झाले नाही, लाज तेवढी वाढली. पब या शब्दाचा मूळ विस्तार ‘पब्लिक हाउस’ असा आहे. सार्वजनिक घर! त्या घरात कोण बसतो हे रस्त्यावरून दिसते, यात मला काही वावगे वाटत नाही.

जुन्या पबचे अभिमानी म्हणतात, “पूर्वीच्या पबात तुम्हांला नावाने ओळखत, इथे कोण कुणाला विचारतो?” जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबचे वर्णन केले. त्याला नाव दिले ‘द मून अंडर वॉटर’, आणि शेवटी सांगून टाकले की असा पब अस्तित्वातच नाही. वेदरस्पूनने पुढे ते नाव उचलून आपल्या अनेक पबांना दिले. ऑर्वेलच्या पबात वाढणाऱ्या बायका बहुतेक गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात आणि नेहमीचे लोक रोज संध्याकाळी आपापल्या ठरलेल्या खुर्चीवर बसतात. फार गोड चित्र आहे. पण ज्याची खुर्ची ठरलेली नाही त्याने कुठे बसावे?

हा प्रश्न मी हवेत काढलेला नाही. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक गावात काही पबांतून काळ्या आणि आशियाई माणसांना चांगल्या खोलीत बसू देत नसत. हे उघडे पाडण्यासाठी इंडियन वर्कर्स असोसिएशनची मंडळी मुद्दाम अशा पबांत जाऊन पेय मागत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतला माल्कम एक्स त्या गावी येऊन गेला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक जागांतला वर्णभेद बेकायदा ठरला. तेव्हा नावाने ओळखणारा पब सर्वांनाच ओळखत होता असे कुणी सांगू नये. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या केवळ नावावरून बाहेर ठेवले गेले, त्याला नाव न विचारणारी जागा हीच मोठी मेजवानी असते.

आणि आपण तरी काय सांगावे? आपल्याकडे हॉटेलात दलितांसाठी वेगळा कप होता. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन प्रवेशाचा हक्क लिहावा लागला. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलाला आज आपण हळवे होऊन आठवतो. त्याच्या ब्रून मस्क्याचे गोडवे गातो. पण त्याचे खरे मोठेपण मस्क्यात नव्हते. एका चहाच्या पैशात गिरणीकामगार, कवी आणि बेकार पदवीधर एकाच संगमरवरी टेबलाशी बसत आणि कुणी कुणाचे आडनाव विचारीत नसे, हे त्याचे मोठेपण. त्याही काळी सभ्य घरांतून ‘इराण्याकडे कसलेही लोक येतात’ असेच म्हणत. आता बरीचशी इराणी हॉटेले गेली, तेव्हा त्यांना अश्रूंची शाई मिळाली.

माझ्यावर आक्षेप येईल की मास्तर भांडवलदाराची वकिली करतो आहे. मुळीच नाही. या साखळीवर कोरडे ओढायला जागा आहे आणि त्या मला ठाऊक आहेत. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रायटनमधल्या तिच्या दोन पबांतल्या नोकरांनी पगारवाढीसाठी संप केला. स्वस्त प्याल्याची किंमत कुणीतरी मोजतच असते, आणि ती वाढणाऱ्या पोराच्या पगारातून वळती होत असेल तर मालकाला जाब विचारलाच पाहिजे. मालकाने २०१६ च्या सार्वमतात युरोपातून बाहेर पडण्याचा प्रचार पेल्याखालच्या चकत्यांवर छापून केला. हे ज्याला रुचत नाही त्याने खुशाल दुसरीकडे जावे. छोटे पब मरतात हेही खरे. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते, आज ४५,००० च्या आसपास उरले आहेत. त्यात मोठ्या साखळ्यांचा वाटा असेल; पण बिअरवरचा कर, जागांची भाडी आणि बाजारात डब्यातून मिळणारी स्वस्त बिअर यांचाही आहे. हे सगळे शेऱ्यात यावे. मात्र गंमत पाहा : वाढणाऱ्या पोराला तासाला किती मिळतात यावर मी शेरा वाचला नाही. गालिच्यावर मात्र पुष्कळ वाचले.

याचे कारण सरळ आहे. ज्याला दुसरीकडे जाता येते तो शेरा लिहितो. ज्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही तो लिहीत बसत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. घरी शेगडी पेटवणे जड जाते म्हणून उबेला येणारा म्हातारा ‘जागा उत्तम’ असे कुठे लिहून ठेवीत नाही. त्याचे येणे हाच त्याचा अभिप्राय. तो मोजला जात नाही, म्हणून शेऱ्यांची बेरीज नेहमी त्याच्या विरुद्ध भरते. मग एखादा हिशेबी मालक ती बेरीज वाचतो, भाव वाढवतो, खुर्च्या मऊ करतो. आणि शेरे सुधारतात. शेरे सुधारले याचा अर्थ म्हातारा गेला.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी स्वस्त जागेत बसून नाक मुरडावेसे वाटले, तर टेबल चिकट आहे असे अवश्य सांगा, मालकाच्या तोंडावर सांगा, आणि ते पुसणाऱ्याला पगार किती मिळतो तेही विचारा. परंतु शेजारी कोण बसला आहे हा तुमच्या शेऱ्याचा विषय नव्हे. त्याने त्याचे पैसे मोजले आहेत. प्रगतिपुस्तक तुमच्या हाती कुणी दिलेले नाही.