निग्लिजन्स : वेचायचे राहून गेले



कारखान्यात अपघात झाला की एक इंग्रजी शब्द हमखास कानी पडतो : निग्लिजन्स. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो, हयगय म्हणतो. या शब्दाच्या पोटात काय आहे, ते आज पाहू.

मूळ लॅटिन भाषेतले आहे. 'लेगेरे' म्हणजे वेचणे. कलेक्शन, सिलेक्शन, इलेक्शन हे आपल्या ओळखीचे शब्दही त्याचेच. त्याला नकार जोडला की निग्लिजन्स : जे वेचायला हवे होते, ते न वेचणे. जळगाव-धुळ्याच्या आयाबहिणींना हे वेगळे सांगायला नको. फुटलेले बोंड वेळेवर वेचले नाही, तर अवकाळी पावसात कापूस भिजतो. पण मालकाने वेचणीला मजूरच लावले नाहीत, तर वेचणारणीला बोल कसा लावणार?

म्हणून निष्काळजी कोण, हे ठरवण्याआधी काळजी घेण्याची जबाबदारी कोणाची होती, हे विचारले पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान १२ जीव गेले. अशा वेळी हाच प्रश्न विचारायचा असतो. हयगयीने मृत्यूस कारण होणाऱ्यास जुन्या ३०४-अ कलमाखाली २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती ५ वर्षांपर्यंत केली आहे. आणि कामगाराची नुसती चूक झाली म्हणून त्याची भरपाई बुडत नाही. हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आले आहे.

आपल्या धम्मात या दोषाला 'पमाद' म्हणतात. विहारात आपण पंचशील म्हणतो, त्यातल्या पाचव्या शीलात मद्याबरोबर हा शब्द येतो. दोन्ही शब्द एकाच 'मद' धातूचे. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्रमादाचा आहे. कुशीनगर येथे महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी केलेला शेवटचा उपदेशही अप्रमादाचाच होता.

तेव्हा आपल्या वाट्याचे आपण वेचू. व्यसन घराबाहेर ठेवू, कामावर सावध राहू. पण मालकाच्या वाट्याचे ओझे आपल्या डोक्यावर घेऊ नका. यंत्राला संरक्षक झाकण नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घरी जपून ठेवा. उद्या कोणी निग्लिजन्सचे बोट आपल्याकडे दाखवले, तर तो कागद बोलेल.

जयभीम!