गच्चीवरचं बाळंतपण

मैत्रिणींनो, वाळवणाच्या दिवसांत गच्चीची किंमत काय असते ते तुम्हांला सांगायला नको. गेल्या साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, इथं सावनेरला, कुरडयांचा गहू भिजत घालून मी गच्ची झाडायला वर गेले, तर कोपऱ्यात पसरलेल्या उरल्यासुरल्या गिट्टीत चार अंडी! मातकट, काळ्या डागांची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. काडी नाही की कापूस नाही. मी वाकले मात्र, टिटवीनं डोक्यावर असा कालवा केला की झाडू टाकून खालीच आले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मामंजींना नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणून आठवडाच झाला होता, हृदयाचं दुखणं. "आजारी माणसाच्या डोक्यावर टिटवी रडून राहिली अन् तू पाहून राहिली? फेकून दे वं ती अंडी!" टिटवी रात्री ओरडली की घरातलं माणूस जातं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं. दिवसा मी हसण्यावारी नेलं. पण रात्री अडीचला ती ओरडली, तेव्हा उठून मामंजींचा श्वास चालतोय ना, ते पाहून आलेच की!

मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले : किती वाजता ओरडली आणि वर काय दिसलं. अडीच – कठड्यावर मांजर. पावणेपाच – खाली कुत्री. दुपारी बारा – घार. ती उगीच एकदाही ओरडली नव्हती. चार-सहा दिवसांनी मामंजीच सकाळी चहा घेताना विचारू लागले, "काल कोण आलं होतं गं?" सासूबाई मात्र देवापाशी रोज जास्तीची वात लावत होत्या.

दुपारच्या उन्हात गिट्टीला हात लावला तर चटका बसे. अंडी शिजायचीच! पण टिटवी त्यांच्यावर सावली धरून उभी राही. मधूनच उडून जाई आणि पोटाची पिसं भिजवून येई, मग ओल्या पोटानं अंड्यांवर बसे. माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो, तसंच. शिवाय नर-मादी पाळीपाळीनं बसतात. आपल्या घरांतल्या पाळ्यांचा विषय आज नको!

हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांच्या काठी चिमणीएवढे टिलवे येतात, ते हिच्याच लांबच्या गोतातले. त्यांचं बाळंतपण थेट सैबेरियाच्या उत्तरेला, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथंही घरटं जमिनीवर, अंडी चार, आणि मांजराच्या जागी कोल्हा. अशा पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं तिकडच्या थंडीवाऱ्यात तंबू ठोकून माझ्यासारखीच वही लिहितात. अंडं किती दिवस उबवलंय हे कळायला ती ते पाण्यात सोडून बघतात : नवं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, आणखी जुनं तरंगतं. दुकानातलं अंडं ताजं की शिळं, हे आपण असंच पाहतो ना?

तुमच्या गच्चीवर अशी अंडी दिसली तर हा प्रयोग मात्र करू नका, बरं का. हातही लावू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानपाखरांची अंडी उचलायला बंदी आहे. मुलांना वर जाऊ देऊ नका आणि दूरच्या कोपऱ्यात उथळ परातीत पाणी ठेवा. साधारण अठ्ठावीस-तीस दिवसांचा प्रश्न असतो.

मे सरता सरता तीन पिल्लं निघाली. अंग वाळतं न वाळतं तोच पायांवर उभी! टिटव्यांची पिल्लं आईच्या चोचीची वाट पाहत नाहीत, स्वतःच किडे टिपतात. दुसऱ्या सकाळी मोठ्या टिटव्या खालच्या मोकळ्या प्लॉटमधून हाका मारू लागल्या आणि एकेक कापसाचा गोळा कठड्याच्या पन्हाळीतून खालच्या वाळूच्या ढिगावर पडला. मी डोळेच मिटले होते. मामंजी ओट्यावरच्या खुर्चीत बसून मोजत होते : एक... दोन... "तिसरं कुठंय?" सासूबाईंनीच बोट दाखवलं.

चौथं अंडं काही फुटलं नाही. आमच्या कुरडया त्या साली शेजारणीच्या गच्चीवर वाळल्या.