एक जानेवारीला जन्मलेली माणसे

देवरी-सालेकसा भागातून ओपीडीत आलेल्या आजीबाईंना वय विचारले, की ‘असन साठ-पासष्ट’ असे उत्तर येते. पूर्वी केसपेपरवर ‘अंदाजे ६०’ लिहिले की काम भागायचे. संगणक आला आणि जन्मतारखेशिवाय पुढे सरकेना. मग ऑपरेटर १ जानेवारी टाकून मोकळा होतो. आमच्या नोंदी पाहिल्या तर वाटावे, पूर्व विदर्भात बाळे जन्माला यायची ती नववर्षाच्या मुहूर्तावरच!

गंमत इथवरच. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होतो, तिथे दोन बायांचे नाव, आडनाव आणि अशी टाकलेली जन्मतारीख हे तिन्ही सारखे निघाले. एकीला सिकलसेलचा आजार होता, दुसरी नुसती वाहक. रिपोर्ट अदलाबदल झाले. वाहक बाईला हायड्रॉक्सियुरिया सुरू होणारच होते. वॉर्डातल्या सिस्टरने चेहरा ओळखला म्हणून टळले. आम्ही लेखी तक्रार केली. ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ असे उत्तर आले. पुढचे व्हर्जन आले, रंग बदलले, १ जानेवारी तशीच राहिली. हे कोणी ठरवले, कुणाला विचारायचे, शेवटपर्यंत कळले नाही.

यावर उपाय जगात आहे. ‘ओपनएमआरएस’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २००४ मध्ये केनियातील एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींच्या गरजेतून सुरू झाले. सुरुवातीपासून डॉक्टर त्यात होते. त्यात जन्मतारखेबरोबर ‘ही अंदाजे आहे’ अशी खूण करता येते. एवढीशी सोय, पण ज्याने म्हाताऱ्या माणसाला वय विचारले आहे, त्यालाच ती सुचते. त्याच पायावर ‘बहम्नी’ उभे राहिले, तेही आपल्या शेजारी. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी थॉटवर्क्सच्या अभियंत्यांनी ते बांधले. गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघाले, तर दुपारी बिलासपूर. तिथून गनियारी जवळच.

अशा सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना उघडा असतो हे खरे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढच्या आवृत्तीआधीची चर्चा. काय घालायचे, काय मागे ठेवायचे, यावर उघड वाद होतो. लॅब टेक्निशियनही म्हणू शकतो, की हा फॉर्म असा चालणार नाही. सूचना फेटाळली गेली, तरी कारण वाचायला मिळते.

ते फुकटात होते, असे मात्र नाही. सर्व्हर, वीज, सांभाळणारा माणूस, सगळे लागतेच. शिवाय ही चर्चा इंग्रजीत चालते. आमची सिस्टर रात्रपाळी करून त्यात केव्हा लिहिणार? केंद्र सरकारने २०१५ मध्येच ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण आणले. पण सिस्टरचा वेळ धोरणाच्या कागदात सापडत नाही.

म्हणून खरेदी समितीत बसलेल्यांना माझे सांगणे: किती मॉड्यूल आहेत, हे नंतर विचारा. आमच्या तक्रारीचे काय झाले ते आम्हाला दिसेल का, हे आधी विचारा. आणि दर महिन्याची एक दुपार सिस्टर, टेक्निशियन व ऑपरेटर यांना या कामासाठी ड्युटी म्हणून द्या. त्यांनी मराठीत सांगावे. इंग्रजीत उतरवून पुढे पाठवायचे काम मी करीन.